पदवीच्या वाटेवरील सोबत : महाविद्यालयातील सल्लागार अध्यापकाचे कार्य

(महाविद्यालयीन अध्यापकांसमोर झालेल्या व्याख्यानाचा पाठ)



जून महिन्यात पावसाची पहिली सर येते आणि त्याच सुमारास महाविद्यालयांतून प्रवेशाची गडबड सुरू होते. बारावी उत्तीर्ण झालेला विद्यार्थी त्या वेळी एका अर्जासमोर बसलेला असतो. हा अर्ज पूर्वी कागदावर असे, आता तो पुष्कळदा संगणकावर असतो. परंतु त्यापेक्षाही मोठा फरक अर्जातील प्रश्नांत पडला आहे. पूर्वी एकच मोठा प्रश्न असे : कला, वाणिज्य की विज्ञान? त्याचे उत्तर दिले की पुढील तीन वर्षांची वाट बहुतांशी आखलेली असे. आता मुख्य विषय कोणता, गौण विषय कोणता, बहुविद्याशाखीय अभ्यासक्रम कोणता, कौशल्याचा कोणता, भाषेचा कोणता, असे अनेक प्रश्न अठरा वर्षांच्या मुलापुढे एकाच दिवशी उभे राहतात. त्या प्रश्नांची उत्तरे देताना त्याच्या शेजारी कोण बसलेले असते, हा आजच्या व्याख्यानाचा विषय आहे.

बहुतेक वेळा शेजारी एखादा मित्र असतो. मित्राने जो विषय घेतला तोच घ्यायचा, अशी ही निवड असते. काही घरांतून मोठा भाऊ किंवा बहीण पदवीधर असते, तेथे थोडा विचार होतो. परंतु ज्या घरात महाविद्यालयाची पायरी चढणारा हा पहिलाच मुलगा किंवा पहिलीच मुलगी असते, तेथे आईवडील आस्थेने विचारतात, पण त्यांना उत्तर देता येत नाही. अशा विद्यार्थ्याला महाविद्यालयात एक जाणते माणूस हक्काने मिळावे, ही कल्पना नवी नाही. तिचा इतिहास थोडक्यात पाहिल्यास आज काय करावयास हवे, ते अधिक स्पष्ट होते.

अमेरिकेतील ओहायो राज्यात केनयन नावाचे एक लहान महाविद्यालय आहे. तेथे १८४१ मध्ये असा नियम झाला की प्रत्येक विद्यार्थ्याने अध्यापकांपैकी एकाची आपला सल्लागार म्हणून निवड करावी. त्या वेळी तेथे शिकत असलेल्या रुदरफर्ड हेज या विद्यार्थ्याने आपल्या आईला लिहिलेल्या पत्रात या नियमाचा उल्लेख केला आहे. हेच हेज पुढे अमेरिकेचे १९ वे राष्ट्राध्यक्ष झाले. या पत्रामुळे सल्लागार अध्यापकाच्या प्रथेचा एक फार जुना पुरावा आज उपलब्ध आहे.

परंतु ही प्रथा खऱ्या अर्थाने आवश्यक ठरली ती हार्वर्ड विद्यापीठात. चार्ल्स एलियट हे १८६९ मध्ये तेथील अध्यक्ष झाले व चाळीस वर्षे त्या पदावर राहिले. ठराविक विषय सर्वांनी शिकावेत ही जुनी पद्धत त्यांनी टप्प्याटप्प्याने मोडली आणि विद्यार्थ्याला विषय निवडण्याचे व्यापक स्वातंत्र्य दिले. या स्वातंत्र्याचे स्वागत झाले, पण त्याबरोबर गोंधळही वाढला. काही विद्यार्थी सोपे विषय वेचू लागले, तर काहींच्या निवडीत एका विषयाचा दुसऱ्याशी मेळ राहिला नाही. अखेर १८८९ मध्ये हार्वर्डने प्रथम वर्षाच्या विद्यार्थ्यांसाठी सल्लागारांचे एक मंडळ नेमले. म्हणजे निवड आधी आली आणि सल्लागार वीस वर्षांनी आला. मधल्या काळात ज्यांची निवड चुकली, त्यांना या मंडळाचा उपयोग झाला नाही. हा क्रम ध्यानात ठेवण्याजोगा आहे, कारण आपल्याकडेही निवड आता आली आहे.

भारतात या विषयाचा विचारच झाला नाही, असे मात्र नाही. डॉ. दौलतसिंह कोठारी यांच्या अध्यक्षतेखालील शिक्षण आयोगाने १९६६ मध्ये आपला अहवाल सादर केला. या आयोगाचे सदस्य-सचिव होते जे. पी. नाईक. त्यांचे नाव मराठी वाचकांना अपरिचित नाही. कोल्हापूर जिल्ह्यात जन्मलेल्या या शिक्षणतज्ज्ञाने गारगोटीच्या मौनी विद्यापीठाच्या उभारणीत मोठा वाटा उचलला होता आणि ग्रामीण घरातील मुलाचे शिक्षण कोठे अडते, हे त्यांनी जवळून पाहिले होते. विद्यार्थ्यांसाठी करावयाच्या सोयी हे केवळ कल्याणकार्य नसून शिक्षणाचाच अविभाज्य भाग होय, अशी भूमिका या अहवालाने घेतली. नव्या विद्यार्थ्यांसाठी वर्षारंभी परिचयवर्ग असावेत, प्रत्येक विद्यार्थ्याला अभ्यासाची आखणी करून देण्यास साहाय्य करणारा एक सल्लागार नेमून द्यावा आणि प्रत्येक अध्यापकाने काही विद्यार्थ्यांचे सल्लागार व्हावे, अशी शिफारस त्यात होती. दर हजार विद्यार्थ्यांमागे किमान एक समुपदेशक असावा, असेही त्यात सुचविले होते.

ही शिफारस पुष्कळ ठिकाणी कागदावर राहिली. त्याचा सारा दोष अध्यापकांच्या माथी मारणे न्यायाचे होणार नाही. वस्तुतः त्या काळच्या पदवी अभ्यासक्रमात सल्ला देण्यासारखे फार थोडे होते. विषय ठरलेले, पुस्तके ठरलेली आणि परीक्षा वर्षअखेरीची. सल्लागाराने बोलावे तरी कशाविषयी? ज्या संस्थांतून विद्यार्थ्याला दर सत्रात विषय निवडावे लागत, तेथे मात्र ही प्रथा रुजली. पवई येथील भारतीय तंत्रज्ञान संस्थेसारख्या संस्थांत सत्राच्या नोंदणीवेळी सल्लागार अध्यापकाची संमती हा नित्याचा भाग आहे. जेथे निवड करावी लागते तेथे सल्लागाराची गरज भासते, हाच अनुभव येथेही दिसतो.

गोव्याचे उदाहरण या दृष्टीने विशेष बोलके आहे. मुक्तीपूर्वी येथील मुलाला वैद्यकाखेरीज अन्य पदवीशिक्षण घ्यावयाचे तर मुंबई, पुणे, बेळगाव किंवा धारवाड गाठावे लागे. १९६२ मध्ये पणजीला धेंपे आणि मडगावला चौगुले ही महाविद्यालये निघाली व मुंबई विद्यापीठाशी संलग्न झाली. १९८५ मध्ये गोवा विद्यापीठ स्थापन झाले. त्यानंतर सांखळी, केपे, पेडणे, खांडोळा अशा ठिकाणच्या सरकारी महाविद्यालयांमुळे पदवीचे शिक्षण गावांच्या जवळ आले. महाविद्यालय गावाजवळ येणे ही मोठीच गोष्ट होय. तथापि, अंतर केवळ रस्त्याचे नसते. ज्या मुलीने चौथीपर्यंत मराठी शाळेत शिक्षण घेतले आणि नंतर इंग्रजी माध्यमाशी झगडत बारावी पार केली, तिच्या हाती इंग्रजीतील तीसचाळीस पानांची नियमपुस्तिका पडली, तर महाविद्यालय घरापासून पाच मैलांवर असूनही त्यातील व्यवहार तिला दूरचाच वाटतो.

गोव्यात राष्ट्रीय शैक्षणिक धोरण, २०२० यानुसार पदवीचा नवा आराखडा २०२३-२४ पासून लागू झाला. विद्यापीठ अनुदान आयोगाने डिसेंबर २०२२ मध्ये प्रसिद्ध केलेला अभ्यासक्रम व श्रेयांक आराखडा हा त्याचा आधार. श्रेयांक म्हणजे रोजच्या बोलण्यातील ‘क्रेडिट’. एका सत्रात १५ तासांचे अध्यापन म्हणजे एक श्रेयांक, प्रात्यक्षिक असेल तर त्यासाठी ३० तास. या हिशेबाने चार श्रेयांकांचा विषय म्हणजे वर्गातील ६० तास. तीन वर्षांच्या पदवीसाठी १२० व चार वर्षांच्या सन्मान पदवीसाठी १६० श्रेयांक लागतात. तीन वर्षांच्या पदवीत किमान ६० श्रेयांक मुख्य विषयाचे व २४ गौण विषयाचे असतात. उरलेले श्रेयांक बहुविद्याशाखीय, भाषा, कौशल्य, मूल्यशिक्षण आणि उन्हाळी प्रशिक्षण यांत विभागलेले असतात. पहिल्या सहा सत्रांत ७५ टक्के वा अधिक गुण मिळविणाऱ्यास चौथ्या वर्षी संशोधनासह सन्मान पदवीचा मार्ग खुला होतो.

हे आकडे येथे सांगण्याचे कारण असे की सल्लागार अध्यापकाला ते तोंडपाठ असावयास हवेत. ७५ टक्क्यांची अट विद्यार्थ्याला तिसऱ्या वर्षाच्या अखेरीस कळली, तर त्या माहितीचा काडीचाही उपयोग नाही. ती पहिल्या सत्रातच कळावयास हवी. गौण विषय पुढे कोणत्या पदव्युत्तर अभ्यासक्रमास उपयोगी पडेल, कोणत्या नोकरीच्या परीक्षेस तो चालेल, मुख्य विषय बदलावयाचा असेल तर कोणत्या सत्रापर्यंत बदलता येईल, हे प्रश्नही वेळीच विचारले गेले तरच त्यांच्या उत्तरांना अर्थ राहतो.

या आराखड्यातील सर्वांत नाजूक भाग आहे तो मधूनच बाहेर पडण्याच्या सवलतीचा. पहिल्या वर्षाअखेर ४० श्रेयांक मिळविलेल्या विद्यार्थ्याला प्रमाणपत्र घेऊन थांबता येते. मात्र त्यासाठी त्याने त्या उन्हाळ्यात चार श्रेयांकांचा एक व्यवसायाभिमुख अभ्यासक्रम पूर्ण केला पाहिजे. दुसऱ्या वर्षाअखेर ८० श्रेयांकांवर पदविका मिळते, तिलाही अशीच अट आहे. बाहेर पडलेल्या विद्यार्थ्याला तीन वर्षांच्या आत परत येता येते आणि एकूण सात वर्षांच्या मुदतीत पदवी पुरी करता येते. मिळविलेले श्रेयांक २०२१ च्या विनियमांन्वये उभारलेल्या शैक्षणिक श्रेयांक बँकेत जमा राहतात.

ही सवलत चांगल्या हेतूने दिलेली आहे. पूर्वी शिक्षण मध्येच सुटलेल्या मुलाच्या हाती बहुधा गुणपत्रिकेशिवाय काही उरत नसे. आता त्याच्या कष्टांची नोंद राहते. परंतु याच दाराने गरीब घरातील मूल कोणाच्या लक्षात न येता बाहेर पडू शकते आणि बाहेर पडल्याचे समाधानही सर्वांना वाटू शकते, कारण नियमाने ते ‘गळाले’ नाही, ‘प्रमाणपत्र घेऊन गेले’. यास्तव हे दार कोण, कशासाठी आणि किती माहितीनिशी ओलांडतो, हे पाहणारा कोणीतरी त्या दारापाशी असणे अगत्याचे आहे. तो कोणीतरी म्हणजेच सल्लागार अध्यापक.

हा मुद्दा स्पष्ट व्हावा म्हणून एक कल्पित उदाहरण घेऊ. सत्तरी तालुक्यातील एका गावची विद्यार्थिनी. वडिलांचा खनिज वाहतुकीचा ट्रक होता. गोव्यातील खाणी २०१२ मध्ये बंद पडल्या, काही काळाने सुरू झाल्या, आणि सर्वोच्च न्यायालयाच्या निर्णयामुळे मार्च २०१८ मध्ये पुन्हा थांबल्या. त्या दुसऱ्या खेपेस ट्रक विकला गेला. आता वडील मिळेल ते काम करतात. मुलीने अर्थशास्त्र हा मुख्य विषय घेतला आहे आणि गौण विषय मैत्रिणीने घेतला म्हणून तोच घेतला आहे. पहिल्या सत्रात तिचे बरे चालले. दुसऱ्या सत्रात जानेवारीपासून सकाळच्या पहिल्या तासाला तिची गैरहजेरी दिसू लागली.

सल्लागार अध्यापक नसलेल्या महाविद्यालयात ही गैरहजेरी नोंदवहीत पडून राहते आणि एप्रिलमध्ये यादीच्या रूपाने फलकावर लागते. सल्लागार असलेल्या महाविद्यालयात ती दुसऱ्याच आठवड्यात त्याच्या कानावर जाते व तो मुलीला बोलावून घेतो.

“पहिला तास चुकतो आहे. बस मिळत नाही का?” असे तो विचारतो.

“बस मिळते, सर.” थोडा वेळ ती गप्प राहते. “सकाळी घरचं काम उरकून यावं लागतं. आई आता कामाला जाते. आणि पुढच्या वर्षी मी येणार नाही, सर. कारखान्यात मुली घेतायत, कुंडईला. एक वर्षाचं सर्टिफिकेट मिळतं ना?”

“मिळतं. पण ते आपोआप मिळतं असं तुला वाटतं का?”

तिला तसेच वाटत असते. उन्हाळ्यातील चार श्रेयांकांची अट तिला ठाऊक नसते. एप्रिलमध्ये परीक्षा देऊन ती कामावर रुजू झाली असती, तर तिच्याकडे ४० श्रेयांक असते, पण प्रमाणपत्र नसते. तीन वर्षांच्या आत परत येता येते, हेही तिला कोणी सांगितलेले नसते. शिष्यवृत्तीचा अर्ज एका दाखल्यावाचून अडला होता, हे तिने कार्यालयात एकदा विचारून सोडून दिलेले असते.

या ठिकाणी सल्लागाराचे काम तिला उपदेश करण्याचे नाही. ‘शिक्षण सोडू नकोस’ हे वाक्य तिने अनेकदा ऐकले आहे आणि त्याने घरचा खर्च भागत नाही. त्याचे काम असे की अडलेला दाखला कोठे मिळतो ते शोधून द्यावे, सकाळच्या तासाऐवजी दुसऱ्या तुकडीत बसता येते का ते पाहावे, वडिलांशी एकदा बोलावे. वडिलांना बोलावून घेण्यापेक्षा त्यांना सवड असेल त्या वेळी दूरध्वनी करावा, आणि तो मराठीत किंवा कोंकणीत, त्यांना मोकळे वाटेल त्या भाषेत करावा. इतके करूनही मुलीने थांबण्याचे ठरविले, तर उन्हाळी अभ्यासक्रमात तिचे नाव घालून घ्यावे, श्रेयांक बँकेतील तिची नोंद बरोबर आहे ना याची खात्री करून द्यावी, आणि परत येण्याची शेवटची मुदत कोणत्या वर्षी संपते ते तिला कागदावर लिहून द्यावे. पुढील जून महिन्यात तिला पुन्हा एकदा दूरध्वनी करावा.

अशा मुलींपैकी काही परत येतील, काही येणार नाहीत. परंतु माहिती असून थांबणे आणि माहिती नसल्यामुळे बाहेर राहणे, यांत मोठे अंतर आहे. पहिला निर्णय माणसाचा स्वतःचा असतो, दुसऱ्यात त्याचा निर्णयच नसतो. सल्लागार अध्यापकाच्या यशाची मोजपट्टी हीच मानली पाहिजे.

सल्ला कोणत्या क्रमाने द्यावा, याविषयीही विचार झालेला आहे. अमेरिकेत टेरी ओ’बॅनियन यांनी १९७२ मध्ये पाच पायऱ्यांचा एक क्रम मांडला. विद्यार्थ्याला आयुष्यात काय हवे आहे हे आधी, त्यानंतर व्यवसाय कोणता, मग शाखा कोणती, त्यानंतर विषय कोणते आणि सर्वांत शेवटी वेळापत्रक. त्याच वर्षी बर्न्स क्रुकस्टन यांनी सल्ला देणे हे अध्यापनाचेच एक रूप आहे, असे प्रतिपादन केले. केवळ नियम सांगणारा सल्लागार आणि विद्यार्थ्याच्या वाढीकडे लक्ष देणारा सल्लागार, असा भेद त्यांनी केला. आपल्याकडे पुष्कळदा हा क्रम उलटा होतो. वेळापत्रकात कोणता तास रिकामा आहे ते पाहून विषय घेतला जातो आणि विषय घेतल्यावर पुढे काय करायचे याचा विचार होतो. पहिल्या भेटीत अर्ज बाजूला ठेवून ‘तुला काय आवडते, घरी काय परिस्थिती आहे, पाच वर्षांनी तू कोठे असावेस असे तुला वाटते’ एवढे तीन प्रश्न विचारले, तरी उरलेला अर्ज भरणे पुष्कळ सोपे जाते.

तद्वतच सल्लागाराने काय करू नये, तेही सांगणे आवश्यक आहे. त्याने विद्यार्थ्याच्या वतीने निवड करू नये. आपल्याच विषयाकडे त्याला ओढू नये. विभागातील विद्यार्थिसंख्या टिकविण्यासाठी दिलेला सल्ला विद्यार्थ्याच्या हिताचा असेलच असे नाही. विद्यार्थ्याने विश्वासाने सांगितलेली घरची गोष्ट अध्यापककक्षात चर्चेचा विषय होऊ नये. एकदा ती तशी झाल्याचे विद्यार्थ्यांना कळले, की त्या महाविद्यालयात पुढची अनेक वर्षे कोणी काही सांगत नाही. आणि आपल्या मर्यादा त्याने ओळखाव्यात. झोप नाही, जेवण नाही, जगण्यात अर्थ वाटत नाही, असे जेव्हा एखादा विद्यार्थी बोलू लागतो, तेव्हा ते काम अध्यापकाचे राहत नाही. त्या वेळी त्याला एकटे न सोडता प्रशिक्षित समुपदेशकाकडे वा वैद्याकडे पोहोचविणे, हेच अध्यापकाचे कर्तव्य. केंद्र शासनाने ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू केलेली टेली-मानस ही दूरध्वनी सेवा १४४१६ या क्रमांकावर मिळते. हा क्रमांक प्रत्येक सल्लागाराजवळ असावा.

येथे एक आक्षेप स्वाभाविकपणे येतो, आणि तो रास्त आहे : यासाठी वेळ कोठून आणावयाचा? सहायक प्राध्यापकाला आठवड्यास १६ तास व सहयोगी प्राध्यापकाला १४ तास प्रत्यक्ष अध्यापन, हे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या विनियमांत नमूद होते. त्याशिवाय उत्तरपत्रिका, परीक्षेची कामे, समित्या आणि अहवाल असतातच. परंतु त्याच विनियमांत विद्यार्थ्यांच्या मार्गदर्शनासाठीही वेळ धरलेला होता. विद्यार्थ्यांच्या सुरक्षिततेविषयी २०१५ मध्ये आयोगाने दिलेल्या सूचनांत एका अध्यापकाकडे २५ विद्यार्थ्यांचा गट असावा, असे म्हटले होते. हाच आकडा धरून हिशेब करून पाहावा. २५ विद्यार्थी, प्रत्येकाला वीस मिनिटे, सत्रात तीन वेळा भेट : एकूण २५ तास. पंधरा आठवड्यांच्या सत्रात हे काम आठवड्याला पावणेदोन तासांहून कमी भरते. हा वेळ वेळापत्रकात अध्यापनाच्या तासाप्रमाणेच छापला गेला, तर तो मिळतो. तो अध्यापकाच्या फावल्या वेळावर सोडला, तर कधीच मिळत नाही. म्हणून ही जबाबदारी जितकी अध्यापकाची, तितकीच वेळापत्रक आखणाऱ्या प्राचार्यांची आहे.

तीन भेटी केव्हा व्हाव्यात, हेही ठरविता येते. पहिली भेट प्रवेशानंतरच्या पंधरवड्यात, विषय बदलण्याची मुदत संपण्यापूर्वी. दुसरी पहिल्या अंतर्गत चाचणीचे गुण हाती आल्यावर, कारण अडचणीत आलेला विद्यार्थी या गुणांवरून आणि हजेरीवरून सर्वांत आधी ओळखता येतो. तिसरी सत्र संपण्यापूर्वी, पुढील सत्राच्या निवडीसाठी. प्रथम वर्षाच्या दुसऱ्या सत्रात ही तिसरी भेट विशेष महत्त्वाची, कारण शिक्षण थांबविण्याचा विचार त्याच सुमारास मनात घोळत असतो आणि उन्हाळी अभ्यासक्रमाची व्यवस्था त्यापूर्वीच करावी लागते.

राष्ट्रीय मूल्यांकन व अधिस्वीकृती परिषदेने, म्हणजे ‘नॅक’ने, एका मार्गदर्शक अध्यापकामागे किती विद्यार्थी आहेत याची माहिती महाविद्यालयांकडून मागविण्यास सुरुवात केली, तेव्हा या कार्यास एक प्रकारची मान्यता मिळाली. पण त्याबरोबर एक दोषही शिरला. समितीच्या भेटीची तारीख जवळ आली की मार्गदर्शनाच्या वह्या बाहेर निघतात आणि दोन वर्षांच्या भेटींच्या नोंदी दोन दिवसांत लिहिल्या जातात. एकाच शाईत, एकाच हस्ताक्षरात ‘अभ्यासाविषयी चर्चा केली’ हे वाक्य पन्नास वेळा लिहिलेले असते. अशा वहीने गुणांक वाढत असतील, विद्यार्थ्याला मात्र त्यातून काही मिळत नाही. नोंद ठेवावयाची ती पुढच्या भेटीसाठी. मागच्या वेळी कोणता दाखला अडला होता, कोणत्या विषयात कमी गुण होते, काय करावयाचे ठरले होते, एवढ्या तीन ओळी पुरेशा आहेत. सल्लागार बदलला तर नव्या अध्यापकाला त्या तीन ओळींतूनच विद्यार्थी कळतो. खासगी स्वरूपाची गोष्ट मात्र त्या वहीत असू नये.

अखेरीस भाषेचा प्रश्न. महाविद्यालयाचे नियम इंग्रजीत आहेत आणि ते तसे असण्यास प्रशासकीय कारणे आहेत. परंतु नियम समजावून देण्याची भाषा इंग्रजीच असली पाहिजे, असे कोणी सांगितलेले नाही. गोव्यात मराठी व कोंकणी, बेळगाव भागात मराठी व कन्नड, बडोद्यात मराठी व गुजराती, अशा दोन दोन भाषांत वावरणारा विद्यार्थी आपल्या अडचणीविषयी इंग्रजीत बोलू लागला की त्याची अडचण अर्धी गळून पडते, कारण जेवढे शब्द येतात तेवढेच तो सांगतो. श्रेयांक म्हणजे काय, गौण विषय म्हणजे काय, थांबण्याच्या व परतण्याच्या अटी कोणत्या, हे दोन पानांत घरच्या भाषेत छापून प्रत्येक प्रथम वर्षाच्या विद्यार्थ्याला व त्याच्या पालकांना दिले, तर त्याचा खर्च अल्प आणि उपयोग मोठा आहे. हे काम महाविद्यालयातील भाषा विभागांनी सहज हाती घेण्यासारखे आहे.

जे. पी. नाईक व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६६ मध्ये जी शिफारस केली, तिला आता जवळजवळ साठ वर्षे होत आली. त्या वेळी सल्ला देण्यास फारसा वाव नव्हता, आज तो भरपूर आहे. हार्वर्डमध्ये निवड आली आणि सल्लागार येण्यास वीस वर्षे लागली. गोव्यातील ज्या विद्यार्थ्यांनी २०२३ मध्ये या नव्या पद्धतीने प्रवेश घेतला, त्यांना आणि त्यांच्या मागून येणाऱ्यांना तितकी वाट पाहावयास लावणे योग्य होणार नाही. त्यासाठी नवी इमारत नको, नवे पद नको. प्रत्येक अध्यापकाच्या वेळापत्रकात आठवड्याचे दोन तास, त्याच्या टेबलापाशी आणखी एक खुर्ची आणि पंचवीस मुलांची नावे, एवढ्यावर हे कार्य येत्या सत्रापासून सुरू होऊ शकते. ते व्हावे, अशी अपेक्षा व्यक्त करून हे व्याख्यान येथे पुरे होत आहे.